आवाज, आकार आणि रंगाचे व्यापारचिन्ह परदेशात कसे नोंदवावे: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

निर्यात करणाऱ्या लहान-मध्यम उद्योगांकडून अपारंपरिक व्यापारचिन्हांच्या बाबतीत एकच चूक वारंवार होताना दिसते. जाहिरातीतील तीन-चार सेकंदांची धून, बाटलीचा आगळा आकार किंवा डब्यावरील दोन रंगांची ठरलेली मांडणी यासाठी भारतात घाईने अर्ज केला जातो आणि ‘आपला देश जागतिक व्यापार संघटनेत आहे, माद्रिद प्रोटोकॉलमध्येही (एका अर्जातून अनेक देशांत नोंदणी मागण्याच्या व्यवस्थेत) आहे’ या भरवशावर तोच अर्ज पुढे परदेशी पाठवला जातो. वर्ष-दीड वर्षाने नकार हाती पडतो, तेव्हा दोष पहिल्या दिवशीच्या अर्जातच असल्याचे आणि तो आता सुधारता येत नसल्याचे लक्षात येते. म्हणून पुढील टप्प्यांपैकी निम्म्याहून अधिक टप्पे अर्ज दाखल करण्याच्या आधीचे आहेत.

आधी हे समजून घ्या: करार काय देतो आणि काय देत नाही

जागतिक व्यापार संघटनेच्या, बौद्धिक संपदेविषयीच्या आणि १ जानेवारी १९९५ पासून लागू असलेल्या ट्रिप्स कराराचे कलम १५ सांगते की, एका उद्योगाच्या वस्तू किंवा सेवा दुसऱ्याच्या वस्तू-सेवांपासून वेगळ्या ओळखू आणणारी कोणतीही खूण व्यापारचिन्ह होऊ शकते. त्याच कलमात पुढे अशीही मुभा आहे की, खूण डोळ्यांना दिसणारी असावी अशी अट सदस्य देश घालू शकतात. म्हणजेच आवाज आणि गंध यांची नोंदणी नाकारणारा देश ट्रिप्सचा भंग करत नाही. अनेकांचा अर्धा गैरसमज इथेच दूर व्हावा.

ही पळवाट काही नंतरच्या व्यापार करारांनी बुजवली. पॅसिफिक देशांच्या सीपीटीपीपी करारात, जो ३० डिसेंबर २०१८ रोजी लागू झाला, चिन्ह दृश्य असण्याची अट घालता येत नाही, केवळ ते आवाजाचे आहे म्हणून नोंदणी नाकारता येत नाही आणि गंधचिन्हांसाठी देशांनी शक्य तितका प्रयत्न करावा असे म्हटले आहे. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या २०२० मधील करारातही जवळपास हीच तरतूद आहे, तर २०१२ पासून लागू असलेल्या अमेरिका-कोरिया करारात आवाज आणि गंध ही दोन्ही कारणे नकारासाठी पुरेशी मानता येत नाहीत.

भारत या नंतरच्या करारांपैकी एकाही करारात नाही. तरीही भारतीय अर्जदाराने हे करार वाचावेत. ट्रिप्सच्या कलम ३ नुसार सदस्य देशाने परदेशी अर्जदाराला स्वतःच्या नागरिकापेक्षा कमी वागणूक द्यायची नसते आणि कलम ४ नुसार एका देशाच्या नागरिकांना दिलेला लाभ इतर सदस्य देशांच्या नागरिकांनाही द्यावा लागतो. वस्तूंच्या व्यापारात मुक्त व्यापार करारांना या नियमातून सूट मिळते, तशी सरसकट सूट ट्रिप्समध्ये नाही. त्यामुळे कोरियाने अमेरिकेला दिलेले वचन सांगलीच्या उद्योजकालाही कोरियाच्या नोंदणी कार्यालयात उपयोगी पडते.

इशारा: करार राज्यांना बांधतात. कोणत्याही करारामुळे आपोआप नोंदणी मिळत नाही आणि परीक्षकासमोर फक्त कराराचे कलम दाखवून भागत नाही. त्या देशाच्या कायद्यात ती तरतूद कशी उतरली आहे, हे पाहूनच अर्ज लिहावा लागतो.

टप्पा १: चिन्ह नेमके कोणते, ते एका वाक्यात ठरवा

‘आमचे पॅकिंग’ हे चिन्ह नव्हे. पॅकिंगमध्ये आकार, रंग, अक्षरे, चित्र आणि झाकण असे सर्व काही असते. यांपैकी स्पर्धकाने नेमके काय उचलले तर तुमचा ग्राहक फसेल, याचे उत्तर म्हणजे तुमचे चिन्ह. उत्तरे दोन निघाली, तर अर्जही दोन करावे लागतील.

त्यानंतर कार्याची कसोटी लावावी. भारताच्या व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९(३) नुसार तीन प्रकारचे आकार नोंदवता येत नाहीत: वस्तूच्या स्वभावातूनच आलेला आकार, तांत्रिक परिणाम साधण्यासाठी आवश्यक असलेला आकार आणि वस्तूला तिचे मुख्य मूल्य मिळवून देणारा आकार. युरोपीय महासंघातही हीच त्रयी आहे. फिलिप्सच्या तीन गोल पात्यांच्या दाढीच्या यंत्राचा आकार २००२ मध्ये आणि लेगोच्या ठोकळ्याचा आकार २०१० मध्ये युरोपीय न्यायालयात याच कारणाने टिकला नाही. त्या आकारांना जगभर ओळख होती, पण कार्यात्मक आकाराला कितीही प्रसिद्धी वाचवू शकत नाही.

उलट बाजूचे चांगले उदाहरण मुंबईतच आहे. गोर्बाचॉव वोडकाच्या बाटलीचा आकार रशियन चर्चच्या कांद्यासारख्या घुमटावरून घेतलेला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्या आकाराला अंतरिम संरक्षण दिले. त्या आकाराचा मद्य साठवण्याच्या किंवा ओतण्याच्या कार्याशी काहीही संबंध नव्हता, हा त्या निर्णयातील महत्त्वाचा धागा होता. आपल्या आकाराबद्दल हाच प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा.

तपासा: कंपनीची जुनी माहितीपत्रके, संकेतस्थळ आणि पेटंट अर्ज काढून वाचा. ‘या खास पकडीमुळे बाटली हातातून निसटत नाही’ असे कुठे छापले असेल, तर विरोधकाला आयता पुरावा मिळाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या ट्रॅफिक्स प्रकरणात कालबाह्य पेटंटदेखील आकार कार्यात्मक असल्याचा भक्कम पुरावा मानला होता.

टप्पा २: मालकी कागदावर आणा

हा टप्पा जवळपास सगळेच वगळतात आणि आवाजाच्या चिन्हाला त्याचा सर्वाधिक फटका बसतो. धून एखाद्या संगीतकाराने किंवा जाहिरात संस्थेने केलेली असते, बिल चुकते झालेले असते आणि ‘पैसे दिले म्हणजे धून आमची’ असे सर्वजण धरून चालतात.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर ते पाच वर्षांपुरते मानले जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर ते भारतापुरते मानले जाते. आणि दिलेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर त्या हक्कापुरते हस्तांतरण रद्द झाल्याचे धरले जाते, जोवर करारात वेगळे म्हटलेले नाही. दुबई किंवा टोरांटोच्या बाजारासाठी धून नोंदवू पाहणाऱ्याच्या हातात भारतापुरताच हक्क असेल, तर त्याचा पाया पहिल्यापासूनच खचलेला आहे. म्हणून करारनाम्यात ‘संपूर्ण जग’, ‘प्रताधिकाराची संपूर्ण मुदत’ आणि ‘व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा हक्क’ ही तिन्ही वाक्ये स्पष्टपणे असावीत आणि एका वर्षाच्या अटीतून सूट असल्याचेही त्यात लिहून घ्यावे.

बाटलीचा किंवा डब्याचा आकार बाहेरच्या डिझायनरकडून घेतला असेल, तर त्याच्याकडूनही असाच लेख करून घ्यावा. आकाराची नोंद डिझाइन अधिनियम, २००० खाली आधीच झाली असल्यास ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे, कारण त्या कायद्यातील ‘डिझाइन’च्या व्याख्येतून व्यापारचिन्ह वगळलेले आहे आणि दोन्हीकडे एकाच वेळी दावा केल्यास वाद उभा राहतो.

टप्पा ३: देशांची यादी करा आणि प्रत्येकासमोर मुभा लिहा

यादी करताना बाजाराचे आजचे महत्त्व आणि त्या देशाचा कायदा या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. कामाला लागणाऱ्या काही नोंदी अशा:

चीनमध्ये १ मे २०१४ पासून आवाजाची नोंदणी होते. रंगांचा संयोग चालतो, एकच रंग आणि गंध चालत नाहीत. जपानने १ एप्रिल २०१५ पासून आवाज, रंग, हालचाल, होलोग्राम आणि स्थान (वस्तूवर चिन्हाची ठरलेली जागा) यांना दार उघडले, गंधाला मात्र नाही. युरोपीय महासंघाने १ ऑक्टोबर २०१७ पासून रेखांकनाची, म्हणजे चिन्ह कागदावर चित्राने किंवा लेखनाने मांडण्याची, अट काढली, त्यामुळे ध्वनिफीत आणि चित्रफीत थेट देता येते. तरीही गंध मांडण्याची मान्य पद्धत तेथे अजून नाही. कॅनडाने १७ जून २०१९ पासून गंध, चव आणि पोत यांनाही व्याख्येत घेतले, पण अशा चिन्हांसाठी ग्राहकांत ओळख निर्माण झाल्याचा पुरावा द्यावाच लागतो. अमेरिकेत आवाज, एकच रंग आणि गंध या सर्वांच्या नोंदी आहेत. प्ले-डो या मुलांच्या खेळण्याच्या मातीच्या वासाची नोंद २०१८ मधील आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या व्यापारचिन्ह कायद्यात आवाज आणि गंध दोन्ही आहेत, ही गोष्ट आखातात माल पाठवणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

भारताची बाजूही याच यादीत लिहावी, कारण मूळ अर्ज इथलाच असणार. आपल्या कायद्यात चिन्ह रेखांकनाने मांडता येण्याजोगे असावे ही अट आजही आहे आणि व्याख्येत ‘रंगांचा संयोग’ असे शब्द आहेत, त्यामुळे एकाच रंगाच्या दाव्याला इथे अडथळा येतो. आवाजाची पहिली नोंद २००८ मध्ये याहूच्या लकेरीची झाली. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीची प्रतिमा २०१७ मध्ये नोंदली गेली. गंधाच्या बाबतीत नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमितोमो रबरचा टायरला दिलेल्या गुलाबगंधाचा अर्ज व्यापारचिन्ह जर्नलमध्ये जाहीर करण्यासाठी स्वीकारला गेला; तो गंध सात मितींच्या आलेखाने मांडण्यात आला होता. एका अर्जाला असे यश मिळाले म्हणून आपल्या अगरबत्तीचा वास नोंदला जाईल, असे मानू नये: अगरबत्तीत वास हाच मालाचा गुण असतो, टायरमध्ये तो नसतो.

टप्पा ४: पुरावा अर्जाच्या आधी गोळा करा

शब्द किंवा बोधचिन्ह पाहताच ग्राहक ते नाव म्हणून घेतो. रंग, आकार किंवा धून यांना तो बहुधा सजावट समजतो; म्हणूनच वापरातून मिळवलेली ओळख सिद्ध करावी लागते. भारतात ही ओळख अर्जाच्या तारखेपूर्वीची असावी लागते.

पुराव्याची फाइल देशवार लावावी. त्यात वर्षवार विक्री, जाहिरातीचा खर्च, तारीख दिसणारी छायाचित्रे, प्रसारणाची बिले, वितरकांची शपथपत्रे आणि शक्य असल्यास ग्राहक-पाहणी असावी. बहुतेक फाइली एका ठिकाणी कमी पडतात: पुरावा संपूर्ण उत्पादनाचा असतो, चिन्हाचा नसतो. डब्यावर ठसठशीत नाव असताना ‘विक्री दहा कोटींची’ एवढ्याने रंगाची ओळख सिद्ध होत नाही, कारण ग्राहकाने नाव वाचून माल घेतला असे परीक्षक म्हणणार. म्हणून नाव झाकून घेतलेली पाहणी, ‘पिवळा-तपकिरी डबा मागा’ अशा धर्तीची जाहिरात, ग्राहकांनी रंगावरून केलेली मागणी दाखवणारी पत्रे, अशी सामग्री अनेक वर्षांच्या ताळेबंदांपेक्षा जास्त मोलाची ठरते.

भूगोलही मोजला जातो. किटकॅटच्या चार काड्यांच्या आकाराबाबत युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले की, ओळख संपूर्ण महासंघात सिद्ध व्हायला हवी. बेल्जियम, आयर्लंड, ग्रीस, पोर्तुगाल यांसारख्या देशांबाबत पुरावा कमी पडला होता. नेस्लेसारख्या कंपनीची ही गत, तर जर्मनी आणि नेदरलँड्समध्येच माल विकणाऱ्याने ओळखीच्या जोरावर पूर्ण महासंघाचा अर्ज करण्याऐवजी त्या-त्या ठिकाणचा राष्ट्रीय किंवा बेनेलक्स (बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांचा एकत्रित) अर्ज करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

तपासा: वापराची तारीख चिन्हाची आहे की कंपनीची? दुकान १९८५ पासून चालू असेल आणि धून २०१४ पासून, तर अर्जात २०१४ लिहायचे.

टप्पा ५: चिन्ह मांडा. सर्वाधिक वेळ इथे द्या

दाखल झालेल्या अर्जातील चिन्हाचे स्वरूप भरीव रीतीने बदलता येत नाही आणि आंतरराष्ट्रीय नोंदवहीत गेलेल्या चिन्हाचे चित्र तर मुळीच बदलता येत नाही. म्हणून मांडणी अशी करावी की, यादीतील सर्वात काटेकोर देशातही ती टिकेल.

त्यासाठी मापदंड युरोपातून घ्यावा. २००२ च्या सीकमन निकालाने सांगितलेल्या सात कसोट्या आजही वापरात आहेत: मांडणी स्पष्ट, नेमकी, स्वयंपूर्ण, सहज उपलब्ध, समजण्याजोगी, टिकाऊ आणि वस्तुनिष्ठ असावी. त्या प्रकरणात रासायनिक सूत्र, शब्दांतील वर्णन आणि वासाचा नमुना हे तिन्ही एकत्र देऊनही गंध नामंजूर झाला.

*आवाज.* भारताच्या व्यापारचिन्ह नियम, २०१७ मधील नियम २६ प्रमाणे तीस सेकंदांपेक्षा मोठी नसलेली एमपी३ ध्वनिफीत आणि सोबत स्वरलेखन द्यावे लागते. स्वरलेखन पाच रेघांच्या पाश्चात्त्य पद्धतीने, सुरुवातीची खूण, ताल आणि स्वरांची लांबी यांसह करून घ्यावे. भातखंडे पद्धतीचे लेखन आपल्याला सोयीचे असले, तरी परदेशी परीक्षकाला ते वाचता येत नाही. २००३ च्या शील्ड मार्क निकालात पाच रेघांवरील लेखन मान्य झाले, पण ‘कोंबड्याचे आरवणे’ अशा शब्दांतील वर्णन अमान्य झाले. ध्वनिफितीत आणि लेखनात एका स्वराचाही फरक नको. स्टुडिओतून आलेली ध्वनिफीत आणि शिक्षकाने लिहिलेले स्वर एका तिसऱ्या जाणकाराकडून जुळवून घ्यावेत. फितीत कंपनीचे नाव उच्चारले जात असेल, तर ते ठेवायचे की नाही हे आधी ठरवावे: नावासह नोंदणी सोपी होते, पण मिळणारे संरक्षण नुसत्या सुरांपर्यंत पुरते पोहोचत नाही.

*आकार.* वस्तूच्या किंवा वेष्टनाच्या आकारासाठी नियम २६ किमान पाच वेगवेगळ्या बाजूंची दृश्ये आणि शब्दांतील वर्णन मागतो. इतर त्रिमितीय चिन्हांना तीन दृश्यांपासून सुरुवात होते. सर्व दृश्ये एकाच नमुन्याची, एकाच प्रकाशात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर असावीत. एका दृश्यात झाकण उघडे आणि दुसऱ्यात बंद असेल, तर ती दोन चिन्हे झाली. लेबल चिकटवलेला नमुना वापरू नये, नाहीतर आकाराऐवजी लेबलच नोंदले जाईल.

*रंग.* इथे शब्द जपून वापरावे लागतात. समजा, हळद-मसाल्याच्या एका डब्यासाठी अर्ज लिहायचा आहे. बहुतेकांचा पहिला मसुदा असा असतो: ‘डब्यावर प्रामुख्याने आकर्षक हळदी पिवळा रंग असून त्यास तपकिरी रंगाची जोड दिलेली आहे.’ हा मसुदा टिकणार नाही. ‘प्रामुख्याने’ याच अर्थाच्या शब्दामुळे कॅडबरीच्या जांभळ्या रंगाचा अर्ज २०१३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयात कोसळला, कारण त्या एका शब्दात असंख्य मांडण्या सामावतात. निळा-चंदेरी असा रेड बुलचा दावाही २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयात याच धर्तीवर बाद झाला: दोन रंगांचे प्रमाण साधारण निम्मे-निम्मे असे लिहिले होते, पण त्यांची ठरलेली रचना सांगितलेली नव्हती.

सुधारलेला मसुदा असा असावा: ‘हे चिन्ह दंडगोलाकार डब्याच्या बाह्य पृष्ठभागावरील दोन रंगांच्या मांडणीचे आहे. डब्याच्या उंचीचा वरचा दोन-तृतीयांश भाग पिवळ्या रंगाचा आणि खालचा एक-तृतीयांश भाग तपकिरी रंगाचा असून दोन्ही रंगांना विभागणारी रेषा डब्याच्या तळाला समांतर आहे. तुटक रेषांनी दाखवलेला डब्याचा आकार हा चिन्हाचा भाग नाही.’ पुढे दोन्ही रंगांचे पॅन्टोनसारख्या मान्य पद्धतीतील क्रमांक लिहावेत. प्रत्यक्ष अर्जातील वर्णन इंग्रजीत जाणार असले, तरी ते आधी मराठीत लिहून पाहावे. पोकळ विशेषणे लगेच उघडी पडतात.

तपासा: वर्णन फोनवरून एका अनोळखी चित्रकाराला वाचून दाखवा आणि त्याच्याकडून चित्र काढून घ्या. ते अर्जातील चित्राशी जुळले नाही, तर वर्णन पुन्हा लिहा.

टप्पा ६: भारतातील मूळ अर्ज

अर्ज टीएम-ए नमुन्यात ऑनलाइन करावा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघु उद्योगांसाठी मालाच्या किंवा सेवेच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांसाठी ९,००० रुपये इतके ऑनलाइन शुल्क आहे. चिन्हाचा प्रकार निवडताना आवाज, त्रिमितीय किंवा रंग यांपैकी योग्य तोच निवडावा. ‘डिव्हाइस’ (चित्रचिन्ह) निवडून बाटलीचा फोटो जोडला, तर नोंदणी फोटोची होते, आकाराची होत नाही.

दुसरी नेहमीची चूक वापराच्या रकान्यात होते. घाईत ‘वापर प्रस्तावित’ असे निवडले जाते आणि पुढे परीक्षण अहवालाच्या उत्तरात दहा वर्षांच्या वापरातून आलेल्या ओळखीचा दावा केला जातो. ही दोन विधाने एकमेकांना खोडतात. आधीचा वापर सांगायचा असेल, तर शपथपत्र आणि कागद अर्जासोबतच द्यावे लागतात, म्हणूनच टप्पा ४ आधी पूर्ण करायचा.

परीक्षण अहवालाला उत्तर देण्यासाठी एक महिना मिळतो. अर्ज जर्नलमध्ये छापून आला, की चार महिने कोणालाही विरोध दाखल करता येतो. या दोन्ही मुदतींची नोंद दिनदर्शिकेत पहिल्याच दिवशी करावी.

टप्पा ७: माद्रिद की थेट अर्ज?

भारतात अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत परदेशी अर्ज केल्यास औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस करारानुसार भारतीय अर्जाचीच तारीख मिळते. निर्णय घ्यायला म्हणूनच खरे तर चार-पाच महिनेच असतात.

माद्रिद प्रोटोकॉल भारतात ८ जुलै २०१३ पासून लागू आहे. एक अर्ज, एक भाषा आणि एकाच ठिकाणी शुल्क हे त्याचे फायदे खरे आहेत. पण आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या तारखेपासून पहिली पाच वर्षे ती नोंदणी भारतातील मूळ अर्जावर अवलंबून असते. मूळ अर्ज नाकारला गेला किंवा विरोधात हरला, तर सर्व देशांतील संरक्षण एकदम जाते. तीन महिन्यांत प्रत्येक देशात त्याचे राष्ट्रीय अर्जात रूपांतर करता येते, मात्र खर्च नव्याने करावा लागतो. शब्दचिन्हाच्या बाबतीत हा धोका लहान असतो, अपारंपरिक चिन्हाच्या बाबतीत तो मोठा असतो, कारण भारतातच नकाराची शक्यता जास्त असते.

माझे मत स्पष्ट आहे: ध्वनिचिन्ह आणि ठळक वेगळा आकार यांसाठी माद्रिद वापरावा, एकच रंग किंवा गंध असेल, तर ज्या देशाचा कायदा अनुकूल आहे तिथे स्थानिक वकिलामार्फत थेट अर्ज करावा. सर्वात मोठ्या बाजारात तर भारतीय निकालावर अवलंबून न राहणारा थेट अर्ज कोणत्याही प्रकारच्या चिन्हासाठी विचारात घ्यावा.

इशारा: ‘पॅरिस कराराच्या कलम ६ क्विन्क्विसप्रमाणे मूळ देशात नोंदलेले चिन्ह जसेच्या तसे स्वीकारावेच लागते’ असा सल्ला कधीकधी मिळतो. त्यावर विसंबू नये. ते कलम चिन्हाच्या स्वरूपापुरते आहे, असे जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने २००२ मध्ये सांगितले आहे आणि चिन्हात वेगळेपण नाही या कारणाने नकार देण्याची मुभा त्या कलमातच आहे.

टप्पा ८: आंतरराष्ट्रीय अर्ज

एमएम२ हा अर्ज भारतीय नोंदणी कार्यालयामार्फतच जातो आणि आंतरराष्ट्रीय चिन्ह मूळ चिन्हाशी जुळते, असे प्रमाणपत्र ते कार्यालय देते. मूळ अर्जात काळे-पांढरे चित्र आणि इथे रंगीत असे चालत नाही. १ फेब्रुवारी २०२३ पासून माद्रिद व्यवस्थेत रेखांकनाची अट उरलेली नाही आणि एमपी३ किंवा एमपी४ फाइल देता येते. परंतु चिन्ह मूळ अर्जातलेच असायला हवे, म्हणून त्याच ध्वनिफितीची तीच आवृत्ती पाठवावी.

त्रिमितीय, आवाज किंवा ‘फक्त रंग’ यांसाठीचे रकाने भरायचे राहून जाणे ही सर्रास होणारी चूक आहे. मालाची यादी मूळ अर्जाच्या कक्षेबाहेर जाऊ देऊ नये. अमेरिका निवडल्यास वापराच्या इराद्याचा एमएम१८ हा जोडनमुना सहीसह द्यावाच लागतो.

अर्ज भारतीय कार्यालयाला मिळाल्यापासून दोन महिन्यांत जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय कार्यालयात पोहोचला, तर पहिली तारीख कायम राहते. म्हणून प्रमाणपत्राच्या टप्प्यावर कार्यालयाकडून त्रुटी कळवली गेल्यास त्याच आठवड्यात उत्तर द्यावे.

टप्पा ९: नोंद झाल्यानंतरच्या मुदती

आंतरराष्ट्रीय नोंदणीचे प्रमाणपत्र आले, की अनेक जण पेढे वाटून मोकळे होतात. ते प्रमाणपत्र म्हणजे निवडलेल्या देशांकडे अर्ज पोहोचल्याची नोंद असते. खरे परीक्षण त्यानंतर सुरू होते आणि नकार कळवायला देशांना बारा किंवा अठरा महिने असतात.

चीन निवडला असेल, तर सर्वात तातडीचे काम तिथले आहे. त्रिमितीय, आवाज किंवा रंगसंयोगाच्या चिन्हासाठी आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत चिनी एजंटामार्फत पूरक साहित्य द्यावे लागते, म्हणजे ध्वनिफीत, दृश्ये आणि वर्णन. ते न दिल्यास नकार येतो. या मुदतीची स्वतंत्र आठवण कोणी करून देईल, असे धरून चालू नये.

अमेरिकेत माद्रिदमार्गे आलेल्या अर्जाला पुरवणी नोंदवहीत (ओळख अजून सिद्ध न झालेल्या चिन्हांच्या दुय्यम नोंदवहीत) जागा मिळत नाही, म्हणून ओळख सिद्ध झाली नाही तर मधला मार्ग उरत नाही; हेही थेट अर्जाच्या बाजूने एक कारण आहे. नोंदणी मिळाल्यास पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या दरम्यान वापराचे शपथपत्र द्यावे लागते, ते चुकले तर नोंदणी रद्द होते.

वापर नोंदवलेल्या रूपातच चालू ठेवावा. ट्रिप्सच्या कलम १९ प्रमाणे वापर आवश्यक असलेल्या देशात किमान तीन सलग वर्षे वापर नसल्यास नोंदणी रद्द करता येते. विपणन विभागाने डब्याच्या रंगांचे प्रमाण दोन-तृतीयांशावरून निम्म्यावर आणले किंवा धून नव्या गायकाकडून वेगळ्या लयीत गाऊन घेतली, तर कागदावरील चिन्ह आणि बाजारातील चिन्ह वेगळे पडते. असा बदल करण्यापूर्वी नवा अर्ज करावा आणि जुने रूप निदान एका उत्पादनावर तरी चालू ठेवावे.

शेवटी सीमाशुल्क. ट्रिप्सचा तिसरा भाग बनावट चिन्हांचा माल सीमेवर अडवण्याची व्यवस्था सदस्य देशांकडून मागतो आणि भारतात त्यासाठी २००७ चे नियम आहेत. नोंदणी मिळालेल्या प्रत्येक मोठ्या बाजारात सीमाशुल्क खात्याकडे चिन्हाची नोंद करावी. बंदरावरचा अधिकारी धून ऐकत नाही. तो खोके पाहतो. त्यामुळे आकार आणि रंगाच्या नोंदीसोबत अस्सल आणि बनावट मालाची शेजारी-शेजारी घेतलेली छायाचित्रे, अस्सल माल कोणत्या बंदरातून आणि कोणत्या आयातदाराच्या नावे येतो याची यादी आणि कामाच्या वेळेत उचलला जाणारा एक दूरध्वनी क्रमांक द्यावा.